वाघरुळचा दगड

सगुणाचा थोरला भाऊ बिरू झोरे कोल्हापूरला क्वचितच यायचा. म्हशी कुणाच्या भरवशावर सोडायच्या हा प्रश्न असायचा, आणि आला तरी बहिणीच्या दुकानातल्या यंत्राच्या घरघरीत तो फार वेळ टिकत नसे. त्यामुळे एके दिवशी भर दुपारी तो उद्यमनगरातल्या दुकानाच्या दारात उभा दिसला, तेव्हा सगुणाला आधी आईचीच काळजी वाटली.

आई बरी होती. सडा जाणार होता.

वाघरुळचा सडा म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरचं कातळाचं पठार. त्याच्या कडेला, झाडीच्या आडोशाला गवळी धनगरांची थोडी घरं होती, झोरेवाडा म्हणून. सगुणा तिथे जन्मली, आश्रमशाळेत शिकली, पॉलिटेक्निकसाठी शहरात आली आणि इथलीच झाली. आता सरकारला त्या सड्यावर विजेच्या साठवणीसाठी तलाव बांधायचा होता. दिवसा सौरवीज उतू जाते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं, आणि अंधार पडला की तेच खाली सोडून वीज करायची. कंपनी ठरली होती, आखणी झाली होती. वाड्याचं म्हणणं ऐकायला वहिवाट न्यायाधिकरणाचे लोक पुढच्या आठवड्यात वर येणार होते.

बिरूने वाड्याच्या वकिलाचं म्हणणं सांगितलं. जंगलाची हद्द आखली त्याच्या आधीपासूनची वस्ती दाखवता आली, तर वाड्याच्या संमतीशिवाय कुणाला हात लावता येत नाही.

"पर दाखवायचं काय?" तो म्हणाला. "आपली घरं कुडाची अन् गवताची. पडली की मातीच."

बोलता बोलता तो यंत्राकडे बघत होता. काचेच्या पेटीत एका शाळेची कोनशिला कोरली जात होती. दगडाला काहीही टेकत नव्हतं आणि तरी अक्षरं उमटत होती.  मग चहा पिऊन तो निघाला.

सुनावणीला सगुणा वर गेली. न्यायाधिकरणाचे सदस्य सभ्य गृहस्थ होते. चढण चढून दमले होते, तरी आईच्या अंगणात घोंगडीवर बसून त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. आईने त्यांना उठवून सड्यावर फिरवलं. ही सासऱ्यांची जागा, इथे त्यांना मातीत ठेवलं. हे पाणी चुलतसासऱ्यांनी हुडकलेलं. ह्या झाडाखाली पहिल्यापासून देव आहे, पावसाळ्यात तो खाली नेतात, दिवाळीनंतर परत आणतात. सदस्यांनी विचारलं, आजी, यातलं काही कोरलेलं, लिहिलेलं आहे का? आई म्हणाली, लिहायचं कशाला, आम्हाला ठाऊक आहे की. ते हसले नाहीत. खाली मान घालून त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. सगुणाला ते हसले असते तर बरं वाटलं असतं.

कोरलेलंच हवं, याला कारण होतं. गेल्या काही वर्षांत कागदांवरचा विश्वास उडाला होता. जुने दस्त, फोटो, चित्रफिती, माणसांचे आवाज, सगळं संगणक हुबेहूब बनवू लागला होता. जमिनीच्या दाव्यांत दोन्ही बाजू अस्सल दिसणारे पुरावे आणत आणि न्यायाधीश हताश होत. शेवटी कायद्याने एका गोष्टीला सर्वांत वरचं स्थान दिलं: दगडावर कोरलेला आणि प्रयोगशाळेत वय ठरवलेला लेख. लोक त्याला शिलासाक्ष म्हणू लागले होते. आणि राज्यात हे वय ठरवणाऱ्या प्रयोगशाळेचा प्रमुख होता डॉ. शशांक नेर्लेकर, सगुणाचा नवरा.

शशांकला कुणीही विचारलं की तो आनंदाने समजावून सांगे. दगडातल्या स्फटिकांमध्ये अतिसूक्ष्म सापळे असतात. जमिनीत नैसर्गिक किरणोत्सर्ग असतोच. त्याच्यामुळे सुटलेले इलेक्ट्रॉन या सापळ्यांत अडकतात आणि अंधारात हजारो वर्षं साठत जातात. दगड कोरला की आतला भाग पहिल्यांदा उन्हात येतो, आणि ऊन ते सापळे रिकामे करू लागतं. आधी वरचे, मग त्याखालचे. आपल्या काळ्या दगडात उजेड फार शिरत नाही, पण शिरत राहतो, पिढ्यानपिढ्या. अक्षराच्या तळातून बारीक नळीएवढा तुकडा काढायचा, त्याच्या पातळ चकत्या करायच्या आणि अंधाऱ्या खोलीत तपासायच्या. ऊन किती खोल पोचलं हे कळलं की अक्षराचं वय कळलं. "काळ स्वतः कोरतो," तो म्हणायचा, "त्याची नक्कल कोण करणार?"

सगुणाने हे इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला ते पाठ होतं. पण सड्यावरून परत येताना, एसटीच्या खिडकीशी बसून, तिने त्याचा पहिल्यांदा उलटा विचार केला. सापळे रिकामे करतो तो उजेड. किती उजेड पडला एवढंच दगडाला कळतं, किती काळ पडला हे कळत नाही. मंद ऊन शेकडो वर्षं पडलं काय आणि नेमक्या रंगाचा प्रखर झोत काही दुपारी पडला काय.

तिच्याकडचं यंत्र साधं नव्हतं. त्याचा लेसर इतक्या सूक्ष्म काळाचे ठोके देई की उष्णता पसरण्याआधीच दगडाचा कण उडून जाई. तडा नाही, करपल्याचा डाग नाही. चिनी मातीच्या फरशांवर फोटो छापताना ती खनिजांचा पातळ लेप द्यायची आणि सौम्य लेसरने तो झिलईसारखा पक्का करायची. एका वस्तुसंग्रहालयासाठी तिने जुन्या शिलालेखांच्या प्रतिकृती केल्या होत्या, त्यामुळे त्या काळच्या अक्षरांची वळणंही यंत्रात होती. जे लागणार होतं ते सगळं तिच्या दुकानातच होतं.

तिने बिरूला फोन करून सड्यावरचाच एक दगड आणायला सांगितला. कशासाठी हे त्याने विचारलं नाही.

वर चंद्र-सूर्य, खाली तीन ओळी: ह्या सड्याची चराई आणि पाणी झोऱ्यांना दिलं, ते कुणी मोडू नये. सगुणाने अक्षरं मुद्दाम ओबडधोबड ठेवली, एक ओळ जराशी कलती केली. मग खाचांच्या तळाला खनिजांचा लेप आणि ऊब देऊन तिने जुन्या दगडावर धरते तशी साय चढवली. मग हिरव्या उजेडाचा झोत लावला आणि काचेवर काळा कपडा टाकला. आठवडाभर दुकानात येणाऱ्यांना ती सांगत होती की त्या पेटीत एका मंदिराचं नाजूक काम आहे. आपण खोटं करतोय असं तिला वाटत नव्हतं. लिहिलेला प्रत्येक शब्द खरा होता. फक्त तो वेळेवर लिहायचा राहून गेला होता.

बिरूने दगड परत वर नेला. तो 'सापडला' पाण्याच्या जागेशी, गाळ काढताना. प्रयोगशाळेकडे नमुने नुसत्या क्रमांकाने येत, कुठले आहेत हे शशांकला कळत नसे. एका रविवारी जेवताना तो खुशीत होता. इतका स्वच्छ नमुना आपण कधी पाहिला नव्हता, म्हणाला. उजेडाची हद्द अशी रेखीव, की पाठ्यपुस्तकात घालावी. सुमारे पाचशे वर्षांचा लेख. सगुणाने त्याच्या पानात आणखी भात वाढला. तो नको म्हणत होता, ते तिला ऐकू आलं नाही.

निकाल वाड्याच्या बाजूने लागला. सगुणा वर गेली तेव्हा दगड देवाच्या झाडाखाली उभा केलेला होता आणि आई रोज त्याला पाणी घालत होती. आईला काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, बघ, आपल्या माणसांनी लिहून ठेवलं होतं, मलाच ठाऊक नव्हतं. बिरूने सगुणाकडे बघायचं टाळलं.

त्यानंतर काही महिने सुखाचे गेले. मग एका सकाळी यंत्र सुरू करताना सगुणाला पडद्यावर दगडांच्या प्रकारांत एक नवी ओळ दिसली. ग्रॅनाइट, संगमरवर, चिनी माती, आणि खाली: प्राचीन काळा दगड. तिने ती उघडली. झोताचा रंग, लेप, किती वेळ, सगळं तिचंच होतं, फक्त नीटनेटकं केलेलं. वय किती हवं ते निवडायला बाजूला एक सरकपट्टी होती.

तिने यंत्राच्या कंपनीत फोन लावला. तिथल्या मुलीने नम्रपणे सांगितलं की सगळी यंत्रं एकमेकांकडून शिकतात, ग्राहकांनी शोधलेल्या चांगल्या पद्धती आपोआप सर्वांना मिळतात, हे विकत घेतानाच मान्य केलेलं असतं. जुन्या वास्तूंच्या डागडुजीसाठी या नव्या सोयीला खूप मागणी आहे, असंही ती म्हणाली. कुणी चोरी केली नव्हती, कुणी विकलंही नव्हतं. यंत्राने कौतुकाने घेतलं होतं.

मग दगड सापडू लागले. विहिरीत, बांधावर, देवळाच्या पायरीखाली, मशिदीच्या मागच्या भिंतीत. प्रत्येकावर कुणाचा तरी हक्क लिहिलेला होता. शशांकच्या टेबलावर नमुन्यांची रीघ लागली. सगळे अस्सल निघत होते. महाराष्ट्र आपला इतिहास नव्याने वाचतोय, असं वर्तमानपत्रं लिहीत होती. शशांक मात्र घरी आला की जुने अहवाल काढून बसे.

निंबळखेड नावाच्या गावात वरच्या आळीला एक दगड सापडला. खालच्या आळीची सगळी घरं ज्या जागेवर होती ती जागा वरच्या आळीची, असा त्यावर लेख होता. प्रयोगशाळेने तो सहाशे वर्षांचा ठरवला. निकाल लागल्यावर खालच्या आळीने घरं सोडायला नकार दिला. सुगीच्या दिवसांत भांडण पेटलं आणि मग घरंही पेटली. एक म्हातारी आणि तिची नात धुरात गुदमरून गेल्या. दारं बाहेरून लावलेली होती.

शशांक तिथे जाऊन आला. परतल्यावर तो घरी न येता थेट सगुणाच्या दुकानात आला. त्याच्या कपड्यांना जळक्याचा वास येत होता. त्याने सगुणाला सांगितलं की त्याला एक गोष्ट छळतेय. उभ्या दगडावर ऊन तिरपं पडतं, त्यामुळे उजेडाची हद्दही आत तिरपी असायला हवी. पूर्वीच्या नमुन्यांत ती तशी आहे. गेल्या वर्षभरातल्या दगडांत ती सरळ आहे, जणू दगड आडवा ठेवून वरून प्रकाश टाकला. त्याला वाटत होतं की हे लेसरने होत असावं. या विषयात त्याच्या ओळखीचं भरवशाचं माणूस एकच होतं.

"तुझ्या यंत्राला हे जमेल का?" त्याने विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. त्याने मान्य केलं असतं. सगुणाने पडदा त्याच्याकडे वळवला आणि ती ओळ उघडली. तो वाचत होता. तेवढ्यात तिला दिसलं की सरकपट्टीखाली आणखी एक सोय आली आहे: उन्हाचा कोन. तीही त्याने वाचली.

"हे पहिल्यांदा कुणी केलं, तुला माहीत आहे?"

"मी केलं."

तो स्टुलावर बसला. तिने वाघरुळ म्हटलं तेव्हा त्याला तो रविवारचा स्वच्छ नमुना आठवला असावा, कारण त्याने डोळे मिटले. मग तो म्हणाला, "मी तुला घरी सगळं समजावून सांगत होतो. मला वाटायचं, तुला ऐकायला आवडतं."

"आवडायचं."

 त्याने एवढंच सांगितलं की तो न्यायाधिकरणापुढे जाणार आहे. पण पद्धत खोटी पाडता येते हे नुसतं त्याने सांगून भागणार नाही, करणाऱ्यानेही सांगायला हवं. तिने यावं असा त्याचा आग्रह नव्हता. तिचं नाव मात्र तो लपवणार नव्हता.

सगुणा सड्यावर गेली. बिरू गोठ्यात धार काढत होता, आई रानात गेली होती. तिने त्याला निंबळखेडचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि धार काढत राहिला. मग म्हणाला की त्या गावाचं वाईट झालं, पण ते गाव त्याने पाहिलेलं नाही, आणि हा वाडा तो रोज पाहतो.

"तू बोललीस तर ती म्हातारी परत येणार हाय का?" त्याने विचारलं. "आये मातुर सड्यावरनं जाणार."

"उद्या दुसऱ्या गावात दारं लागतील, दादा."

"मंग तवाच इचार करायचा व्हतास. मी दगड आणून दिला. कोरायचं का न्हाई, हे तुझं तू ठरवलंस."

ते खरं होतं. ती आईला न भेटताच उतरली.

न्यायाधिकरणापुढे तिने सगळं सांगितलं. यंत्र आणून सर्वांसमोर एक दगड कोरून दाखवला. तलाव बांधणाऱ्या कंपनीच्या वकिलाने तिचे आभार मानले. वाड्याचा वकील उठून म्हणाला की बाईंचा नवरा सरकारी नोकर आहे, बाईंवर दबाव आहे, कशावरून आजच खोटं बोलत नाहीत? सदस्यांनी शशांकला विचारलं की वाघरुळचा दगड खोटा असल्याचं तो प्रयोगशाळेत सिद्ध करू शकतो का. शशांकने सांगितलं की हद्द सरळ आहे, यावरून संशय घेता येतो. पण आडव्या पडलेल्या जुन्या दगडातही ती सरळच येईल. आणि नव्या खोट्या दगडांत आता ती तिरपीही येते.

"मग तुमच्याकडे खरा ओळखण्याचा काही उपाय?"

"नाही," शशांक म्हणाला.

निकाल एका परिच्छेदाचा होता. यापुढे कोणताही शिलालेख, केव्हाही सापडलेला, पुरावा म्हणून धरला जाणार नाही. त्या एका वाक्याने निंबळखेडचा दगड रद्द झाला, आणि त्याबरोबर राज्यातला प्रत्येक खराखुरा लेखही, ज्याच्या आधारावर कुणी ना कुणी आपल्या जागी उभं होतं. सगुणाला शिक्षा झाली, ती कबुलीचा विचार करून स्थगित ठेवली गेली. दुकानाला सील लागलं. प्रयोगशाळा बंद झाली.

शशांक तिला सोडून गेला नाही. एका महाविद्यालयात तो पदार्थविज्ञान शिकवू लागला, वेळेवर घरी येत राहिला. पण सगुणा म्हणाली की गॅस बंद केलाय, तर तो उठून बघून यायचा. कुणाचा फोन होता हे तिने सांगितलं तर ऐकून घ्यायचा, आणि थोड्या वेळाने तिचा फोन हातात घ्यायचा. ती ते बघतेय हे त्याला दिसायचं. तरी तो थांबू शकत नसे, आणि तिनेही त्याला कधी थांबवलं नाही.

वाडा खाली आला. हमरस्त्यालगत पत्र्याच्या छपरांची वसाहत होती, तिथे म्हशींना जागा नव्हती, म्हशी विकल्या. बिरूने सगुणाशी बोलणं टाकलं. आईशी तो काय बोलला ते तिला कळलं नाही, पण आई तिला दारातून परत पाठवत नसे. पाणी देई, जेवायला घाली, कमी बोले.

सड्यावर काम सुरू झालं तेव्हा आईने एकदा वर न्यायला सांगितलं. झाडं तोडण्याआधी तिला ती जागा बघायची होती. सगुणाने गाडी केली. वर सगळीकडे लाल धूळ होती. जुन्या गोठ्याच्या जागी पोकलेनने खणायला घेतलं होतं, पण त्या दोघी पोचल्या तेव्हा तो थांबलेला होता. त्याच्या दातांनी मातीतून एक उभट दगड वर काढला होता आणि साइटवरचा तरुण इंजिनिअर त्याच्यापाशी उभा होता.

सगुणा गुडघ्यांवर बसली. हाताने माती झटकली. खाली गाईम्हशींची ओळ, मध्ये काठी उगारलेला माणूस आणि त्याच्यासमोर भाले घेतलेले तिघे, वर चंद्र-सूर्य. गुरं राखताना मेलेल्या कुणाची तरी वीरगळ. छिन्नीचा प्रत्येक घाव वेगळ्या खोलीचा होता. एका म्हशीचं शिंग कोरताना दगड फुटला होता आणि कोरणाऱ्याने ते शिंग तसंच तुटकं सोडून दिलं होतं. तिने आपल्या आयुष्यात कोरलेलं कुठलंही काम असं जिवंत नव्हतं. 

तिने इंजिनिअरला सांगितलं की हा दगड खरा आहे, फार जुना आहे, काम थांबवायला हवं. पोरगा चांगला होता. त्याने तिला पाणी दिलं. मग अवघडल्यासारखं म्हणाला, "मॅडम, मी तुम्हाला ओळखतो. तुमची साक्ष आम्हाला अभ्यासाला होती. हे तुम्ही सांगताय, मी कुणाला काय कळवू?"

 तपासायला प्रयोगशाळा नव्हती, असती तरी तिचं कुणी ऐकलं नसतं. इंजिनिअरने चालकाला खूण केली की बाई बाजूला होईपर्यंत थांब.

आई मागे उभी होती. ती हळूहळू पुढे आली, वाकली, आणि त्या काठी उगारलेल्या माणसाकडे बराच वेळ बघत राहिली. सगुणाने तिचा हात धरून दगडावर ठेवायचा प्रयत्न केला. आईने हात मागे घेतला.

"ह्यो बी तूच केलास?" तिने विचारलं.

"न्हाई आये. ह्यो आपला हाय. खरा हाय."

आईने तिच्या तोंडाकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. बाजारात अनोळखी माणूस विकायला आणलेली म्हैस किती दूध देते ते सांगू लागला की आई त्याच्याकडे जशी बघायची, तशी ती बघत होती. मग पदर डोक्यावरून नीट घेतला आणि धुळीतून गाडीच्या दिशेने चालू लागली.

सगुणा बाजूला झाली. पोकलेनने दगड उचलला आणि भरावासाठी उभ्या असलेल्या डंपरमध्ये टाकला.